काटा ७१ वर अडकलाय, मग मोजू काय?

पाचपाखाडीकर (ठाणे)

मी ठाण्याची. वय ४७, उंची पाच फूट एक इंच. तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. बावीस वर्षं तेच काम करून आकडा दिसला की टिपून ठेवायची खोड लागलीय. दोन बाजू जुळल्या नाहीत की डोकं भणभणतं, तीही खोडच.

जूनमध्ये ऑफिसात वजन उतरवायची पैज लागली. आठ जण, माणशी पाचशे, दिवाळीआधीच्या शुक्रवारपर्यंत ज्याचे किलो सगळ्यात जास्त उतरतील त्याला चार हजार. दर शुक्रवारी जेवायच्या सुट्टीआधी स्टेशनरीच्या खोलीत रांग लावायची, काट्यावर उभं राहायचं, आणि डिस्पॅचचा मुलगा आकडा मोठ्याने वाचून व्हाइटबोर्डवर नावापुढे लिहिणार. मोठ्याने वाचायची काय गरज आहे ते मला अजून कळलेलं नाही. पहिल्या शुक्रवारी मी ७३.८ होते. जुलै संपता संपता ७१.२. त्यानंतरचे सात शुक्रवार असे: ७१.४, ७१.०, ७१.६, ७१.२, ७१.५, ७१.१, ७१.५. बोर्डावर माझा नंबर सातवा. आठव्याने ऑगस्टमध्येच पैज सोडलीय.

स्टेशनला रिक्षा न करता चालत जाते. चहा पाचाचे दोन केले, तेही बिनसाखरेचे. भात निम्मा. आठवड्यातून तीनदा सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ बायका दोन-दोन किलोचे डंबेल्स घेऊन व्यायाम करतो, खालच्या मजल्यावरची मुलगी शिकवते.

आता गंमत ऐका. गौरीजेवणाच्या दिवशी जुनी पैठणी काढली. मागच्या वर्षी त्या ब्लाउजचे खालचे दोन हुक श्वास ओढून लावले होते आणि जेवताना पदराआड गुपचूप काढून ठेवले होते. या वर्षी दोन पुरणपोळ्या खाऊनही लावलेलेच राहिले. निऱ्या पाचाच्या सहा आल्या. पूजेला पाटावर बसले ती हात न टेकता उठले, हे उठल्यावर लक्षात आलं. परवा तुर्भे स्टेशनचा पूल चढता चढता बहिणीशी फोनवर बोलत होते, तर ती म्हणाली, 'आज बसून बोलतेयस वाटतं?' सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात चेहरा ओढलाय, रक्त तपासून घे.

म्हणजे काहीतरी उतरतंय, पण काट्यावर येत नाहीये. माझी अडचण अशी की जूनमध्ये मी फक्त किलो लिहिले. दुसरं काहीच मोजलं नाही, त्यामुळे ओपनिंग बॅलन्सच नाही. आता पुढचं तरी नीट लिहावं म्हणते. कंबर, दंड, फोटो, अंगठी, रक्त, नाडीचे ठोके: नेमकं काय मोजायचं, कुठे, किती दिवसांनी? कृपा करून 'तुम्हाला हलकं वाटतं ना, मग झालं' असं सांगू नका. हलकं वाटतं हे मला वहीत लिहिता येत नाही.

(लहानपणी ठाणे स्टेशनवर दिव्यांचं ते वजनाचं मशिन होतं ना, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य? ते बरं होतं. एक बाजू वाईट निघाली तर उलटून दुसरी वाचायची.)


कळवा_लोकल

काटा माळ्यावर टाका. चार हजारांवरही पाणी सोडा.


रोखठोक (ऐरोली)

माळ्यावर टाकू नका. काट्याने तुमचं काय वाकडं केलंय?

ताई, पहिले दीड-दोन किलो झपकन उतरले असतील, त्यात पाणी बरंच असतं. भात-साखर कमी केली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरतो, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. ते गेलं की वेग मंदावणारच. पापड-लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर चढतं, पाळीच्या आधीही चढतं, हे सगळं मान्य. पण ही कारणं चार-आठ दिवसांची. सात शुक्रवार एकाच जागी म्हणजे खाणं आणि खर्च यांची बरोबरी झालीय. ट्रायल बॅलन्स जुळलाय तुमचा, नको तिथे. आणि दोन किलोच्या डंबेल्सनी इतके स्नायू वाढले की चरबीचं उतरणं झाकलं गेलं, हे मला पटत नाही.

दुसरं, शुक्रवारी दुपारी, कपड्यांसकट, दोन चहा आणि एक बाटली भरून पाणी पोटात असताना केलेलं वजन हे वजन नव्हे. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर हसू नका, रडूही नका. काटा लादीवर ठेवा.

आणि मोजायचंच आहे तर तोंडात जातं ते मोजा. तेलाचा नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी परत लिहा. अकाउंट्सवाल्याला पुढचं सांगायला नको.


पाचपाखाडीकर

लादीवरून आठवलं. ऑफिसातला काटा स्टेशनरीच्या खोलीत जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर ठेवलेला असतो. आज कोणी नसताना उचलून लादीवर ठेवला. गालिच्यावर ७१.५, लादीवर ७०.६. तीनदा केलं. डिस्पॅचच्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, 'मॅडम, सगळ्यांना तोच गालिचा आहे.' यावर काय बोलणार?


टीप_आणि_काज (नेरूळ)

मी ब्लाउज शिवते, चोवीस वर्षं झाली. वजनातलं मला कळत नाही, मापातलं कळतं.

आधी निरीचं सांगते, कारण तिथे तुमची फसगत होतेय. एक निरी बोटांवर घेतली की साधारण दहा इंच कापड खाते. साडी कमरेभोवती एकदा पुरती फिरते आणि पदराकडे जाताना परत एकदा. कंबर दोन इंच उतरली तर दोन फेऱ्यांत चार इंच कापड सुटलं. चार इंचांत निरी होत नाही. तुमची सहावी निरी एक तर बारीक घेतलीत म्हणून आली, नाहीतर पदर आखूड सोडलात म्हणून. रागावू नका.

हुकांचं मात्र खरं आहे. पण ब्लाउजची कंबर म्हणजे पोट नव्हे. आम्ही जिला कंबर म्हणतो ती छातीखाली, ब्लाउज संपतो तिथली. तिथे सैल झालं म्हणजे पाठीवरचं उतरलं. तेही काही कमी नाही. तुमचा जुना टेलर असेल तर त्याच्याकडची मापाची वही बघा, तारीख घालून लिहिलेलं असतं. माझ्याकडे एकेका बाईची दहा-दहा वर्षांची मापं आहेत. लग्न, बाळंतपण, थायरॉइड, सगळं त्या आकड्यांत वाचता येतं. आणि ब्लाउज उलटा करून बघा. शिवताना आम्ही आत माया सोडतो, बाई भरली की टीप उसवून बाहेर घ्यायची, उतरली की आत. जुन्या ब्लाउजच्या मायेवर उसवलेल्या टिपेच्या भोकांच्या रांगा राहतात. पैठणीच्या ब्लाउजला किती रांगा आहेत मोजा.

आता पोटाचं. टेप दिसली की माणूस पोट आत घेतो. मुद्दाम नाही, होतंच. मी टेप लावली की विचारते, 'आज मेथी कितीला मिळाली?' भावाचं बोलायला लागलं की पोट आपोआप सुटतं. तेवढ्यात आकडा वाचायचा. तुम्ही घरी एकट्याने घेणार असाल तर मोठ्याने काहीही म्हणा, तेराचा पाढा म्हणा. टेप नवीन घ्या. जुनी टेप ओढून ओढून ताणली जाते आणि माप कमी दाखवते. माझी एक टेप साठ इंचांत पाऊण इंच ताणली होती. मापं टेपने घ्यायची आणि कापड स्टीलच्या पट्टीने आखायचं, त्यामुळे महिनाभर ब्लाउज घट्ट होत होते आणि मी गिऱ्हाइकांना म्हणत होते, 'ताई, तुम्हीच भरलात जरा.' अजून लाज वाटते.

आणि ओपनिंग बॅलन्स नाही म्हणता, तर तो तुमच्या कपाटात आहे. साडी नेसता ना नेहमी? रोजचा परकर काढा आणि नाडी बघा. महिनोन् महिने एकाच जागी गाठ बसली की तिथे नाडी चेपते, काळवंडते, धुऊनही वळ जात नाही. ती तुमची जूनची जागा. आता परकर नेहमीसारखा बांधा, आजची गाठ कुठे येते तिथे पेनने खूण करा आणि सोडून पट्टीवर मोजा. दोन्ही टोकं मोजायची आणि बेरीज करायची, कारण नाडी नेफ्यात इकडची तिकडे सरकते, एकच टोक मोजलं तर चुकाल. नवीन नाडी असेल तर मात्र हे जमणार नाही.


सीवूड्सचे काका

ताई, वय ६९. एमएसईबीतून निवृत्त. मला डॉक्टरांनी आठ किलो उतरवायला सांगितले होते. पावणेदोन वर्षांत अडीच उतरले. म्हणजे तुमच्या बोर्डावर मी नववा.

पण एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ७.१ होती ती ६.३ झाली. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ती तपासणी मागच्या तीनेक महिन्यांचा सरासरी हिशेब देते. आदल्या रात्री जेवण टाळून तिला फसवता येत नाही, मी प्रयत्न केलेला आहे. रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड्स, २२० च्या १४८ झाली. डॉक्टर काटा बघतच नाहीत आता, रिपोर्ट बघतात.

माझं स्वतःचं माप निराळं आहे. रविवारी बेलापूरला पारसिक हिल चढतो. सुरुवातीला वर जाईपर्यंत पाच वेळा थांबायचो. खोटं का बोला, एकदा तर रस्त्याच्या कडेला बसलोच, आणि एका कॉलेजातल्या मुलीने 'अंकल, पाणी देऊ का' विचारलं. आता एकदाच थांबतो, तेही वरून खाडी दिसते तिथे, आणि ते मी थांबण्यात धरत नाही. किती वेळा थांबलो एवढंच कॅलेंडरवर लिहितो. मिनिटं मोजायची नाहीत, मिनिटं मोजली की माणूस धावायला बघतो आणि गुडघा धरून बसतो.

मुलाने मनगटाला घड्याळ दिलंय, पावलं मोजतं. एका पावसाळ्यात बसमध्ये बसल्या बसल्या माझी हजारभर पावलं झाली. रस्ता तसा होता. तेव्हापासून ते फक्त वेळ बघायला.

नेरूळच्या ताईंचं नाडीचं ऐकून मी पट्टा काढून बघितला. चौथ्या भोकाशी चामडं दुमडलंय, लावतो सहाव्याला. आजवर लक्षात आलं नव्हतं.


फिजिओ_घोडबंदर

पाढा म्हणताना माप वाचायचं, हे फार आवडलं. आमच्या पुस्तकात 'श्वास सहज सोडल्यावर' एवढंच असतं, आणि पेशंटला तसं सांगितलं की तो श्वास सोडायच्या ऐवजी धरूनच ठेवतो.

ताई, कंबर कुठे मोजायची त्याची जागा ठरलेली आहे. कुशीत बोटांनी चाचपा. बरगडीचं शेवटचं हाड लागेल, खाली खुब्याच्या हाडाची वरची कड लागेल. दोन्हींच्या बरोबर मध्ये. बेंबीवर नाही, बेंबी प्रत्येकाची वेगळ्या जागी असते आणि पोट उतरलं की तीही सरकते. टेप मागे वर चढत नाहीये ना ते आरशात बघा, रुतेल इतकी ओढू नका. दोनदा मोजा आणि दोन मापांत सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. रोज मोजलंत तर गॅस मोजाल.

भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. आणखी सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुमची उंची १५५, म्हणजे साडेसत्त्याहत्तर. ते लांब असेल तर असू दे. पहिला टप्पा सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के धरा, तेवढ्यानेही साखर आणि बीपीत फरक दिसू लागतो. ७३.८ चे पाच टक्के ३.७, म्हणजे ७०.१. गालिचा धरून नव्हे.

किलोंवर आणि बीएमआयवरच (किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) का विसंबू नये, याचं एक उदाहरण आम्हाला कॉलेजात दाखवलं होतं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे अशी माणसं दर घरात असतात, त्याला काटा 'उत्तम' म्हणतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादाही खाली आणल्यात, २३ ला जादा वजन आणि २५ ला स्थूल. तुमचा साडेएकोणतीसच्या आसपास येतो, तेव्हा रोखठोक म्हणतात ते साफ झटकू नका. त्यांच्याशी मी स्नायूंबद्दल मात्र थोडी भांडेन. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायू जाड होऊन नाही, मेंदू आणि नसा आहेत तेच स्नायू नीट वापरायला शिकतात म्हणून. त्यामुळे तुम्ही पाटावरून हात न टेकता उठलात, त्याला काट्यावर जागाच नाही. पण तो आकडा करता येतो. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता ते मोजा. महिन्यातून एकदा, तीच खुर्ची.

सकाळी उठायच्या आधी, पडल्या पडल्या, मिनिटभर नाडीचे ठोके मोजा (परकराची नव्हे). दमसास वाढला की तो आकडा हळूहळू खाली येतो. गुडघे दुखत असतील तर हेही: शरीराचा एक किलो उतरला की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. अडीच किलोंचे दहा झाले. तुर्भ्याच्या पुलावर त्यातलं काही कळत असणार.

अंगठी सोडा, बोटं दुपारी सुजतात. चरबीचे टक्के दाखवणारे घरगुती काटे तळपायातून बारीक वीज सोडून अंदाज बांधतात. पाणी कमी-जास्त प्यायलात की टक्का हलतो. महिन्यांचा कल बघायला ठीक, शुक्रवारचा शुक्रवार बघायला नाही. पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभंच राहू नये.

सासूबाईंचं ऐका. रक्त तपासाच, एचबीए१सी आणि थायरॉइड. या वयात पाळीही मागे-पुढे होत असते, त्याने पाणी धरून राहतं.


पाचपाखाडीकर

सगळ्यांचे आभार. आधी भांडण मिटवते. टीप_आणि_काज, तुम्ही बरोबर. पैठणी परत नेसून बघितली, पदर गुडघ्यापर्यंत येईल असा सोडला तर निऱ्या पाचच. गौरीला घाईत पदर वीतभर आखूड राहिला होता. फोटोतही दिसतोय.

ब्लाउज उलटा करून पाहिला. एका कुशीला भोकांच्या तीन रांगा. नौपाड्यातल्या माझ्या टेलरकडे गेले, त्याने वही काढली, बाइंडिंग सुटलेली. माझ्या नावाखाली छातीखालचं माप ३१, मग ३३, मग साडेचौतीस, मग मागच्या श्रावणातलं ३६. त्याने तिथेच टेप लावली. मी आपली मेथीची गोष्ट काढली, तो म्हणाला, 'मॅडम, हलू नका.' सव्वाचौतीस आलं.

पण खरी गंमत नाडीची. तपकिरी परकर, तीन वर्षं वापरात, नाडी तीच. रात्री सगळे झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसले. गाठीचा जुना वळ दोन्ही बाजूंना स्पष्ट आहे, तिथे नाडी चपटी आणि करडी पडलीय. आजच्या गाठीच्या खुणेपर्यंत एका टोकाला २.५ सेंटिमीटर, दुसऱ्याला ३. बेरीज साडेपाच. नवरा पाणी प्यायला उठला, मला परकराची नाडी मोजताना बघून काही न विचारता परत गेला. एकवीस वर्षांच्या संसारात त्याने बरंच पाहिलंय.

ओपनिंग बॅलन्स सापडला. आता वहीत पानं पाडलीत. पुढचं दिवाळीला कळवते.


पाचपाखाडीकर

पैजेचा निकाल आज लागला, म्हणून परत आले. वही समोर आहे.

सकाळचं वजन, लादीवर, आठवड्याची सरासरी: तेव्हा ७०.७, आता ६९.९. म्हणजे काटा हलला. रोखठोक, तुम्हाला आनंद होईल. पण फिजिओताईंचा ७०.१ चा टप्पा लादीवर गाठला असं मी धरणार नाही, कारण ७३.८ गालिच्यावरचे होते. दोन वेगळ्या खात्यांची वजाबाकी होत नाही.

कंबर, फिजिओताईंच्या जागेवर: ९४.५ ची ९३. पाढा तेराचाच म्हणते, तेरा सक अठ्ठ्याहत्तरला वाचायचं ठरवलंय. साडेसत्त्याहत्तर अजून लांब आहे. खुर्ची: ११ च्या १४. सकाळचे ठोके: ८२ चे ७७. एचबीए१सी ५.९ आली. डॉक्टर म्हणाले काठावर आहे, तीन महिन्यांनी परत करा. थायरॉइड ठीक. सासूबाईंना रिपोर्ट दाखवला तर म्हणाल्या, 'मी म्हटलंच होतं.' काय म्हटलं होतं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

फोटोही एकदा काढला, आरशासमोर. बघितला आणि पुसून टाकला. ते माप माझ्या प्रकृतीला मानवणारं नाही.

तेल. जुना पाच लिटरचा डबा ३८ दिवस गेला होता, खरेदीच्या बिलांवरून काढलं. आम्ही चौघं. माणशी दिवसाला ३३ मिली, म्हणजे ३० ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. मला आजवर वाटत होतं की आम्ही 'बेताचं' वापरतो. नवा डबा १९ सप्टेंबरला फोडला, २८ दिवस झाले, निम्मा शिल्लक आहे. माणशी २२ मिली. उद्यापासून चकल्या आणि शंकरपाळ्यांचं तळण आहे, तेव्हा हा आकडा मी आज रात्रीच गोठवतेय.

पैजेत पाचवी आले. पाचशे गेले. जो जिंकला त्याने काल दुपारपासून पाणी सोडलं होतं. बूट, पट्टा, पाकीट, घड्याळ, शर्टाच्या खिशातलं पेन, सगळं काढून काट्यावर चढला आणि उतरल्या उतरल्या उभ्याउभ्या लिटरभर पाणी प्यायला. डिस्पॅचच्या मुलाने त्याचाही आकडा मोठ्याने वाचला.

नाडीवरच्या पेनच्या खुणा दोन धुण्यांत गेल्या, म्हणून आता दर महिन्याला लाल दोऱ्याचा एक टाका घालते. जुन्या वळापासून आज दोन्ही टोकं मिळून सात सेंटिमीटर. फक्त एक अडचण आलीय, टीप_आणि_काज, तुम्हीच सांगा. तपकिरी परकर आता घेराला ढगळ होतो, साडीतून फुगलेला दिसतो. नवा घ्यायचा तर त्याची नाडी नवी येणार. मग हे टाके तिकडे कसे न्यायचे? मोजून तेवढ्याच अंतरावर नव्याने घातले तर चालतील का?


टीप_आणि_काज (नेरूळ)

कशाला? नव्या परकराची नाडी ओढून काढा. जुनीच्या टोकाला सेफ्टी पिन लावा आणि नेफ्यात ओवा. टाके गाठी मारून घातलेत ना? नाहीतर ओवताना निघतील.


पाचपाखाडीकर

नाही मारल्या. आत्ता मारते.